उतरवून घेतलेली वीण

चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. घरभर कैरीचा आणि वेलदोड्याचा वास, पन्ह्याच्या पेल्यांना बाहेरून आलेला घाम, ओट्या भरताना जमिनीवर सांडलेले भिजवलेले हरभरे. गौरीपुढच्या चौरंगावर मी क्रोशाचा गोल रुमाल अंथरला होता, साईच्या रंगाच्या सुती दोऱ्याचा, कडेने अननसाची नक्षी. बायका येत होत्या, ‘छान सजवलंय’ म्हणत होत्या, डाळ खात होत्या. तळमजल्यावरच्या आजी आल्या त्या थेट चौरंगाशी टेकल्या. पदराला हात पुसले, रुमालाची कड दोन बोटांत धरली आणि उलटी करून पाहिली. हाताच्या कामातलं कळणारं माणूस आधी मागची बाजू बघतं. टोकं कुठे संपवली, दोरा कुठे जोडला, ते तिथेच दिसतं. बराच वेळ बोट फिरवून झाल्यावर त्या म्हणाल्या, “आजच्या रात्रीपुरता देतेस? घरी उजेडात नीट बघते.” पूजा आटोपल्यावर मी रुमाल नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापतंय तोवर त्या दारात. एका हातात माझा रुमाल, चौपदरी घडी केलेला. दुसऱ्या हातात अबोली रंगाच्या, थोड्या जाड दोऱ्याचा तुकडा. सबंध गोल केला नव्हता. एकच अननस आणि त्याला लागून वीतभर कड. “उतरली बघ तुझी वीण,” म्हणाल्या. “शेवटच्या ओळीला तू पाच साखळ्या घेतल्यास, मी चारच घेतल्या. कड कमी लोंबते. बघ पटतं का.” डोळे रात्रभर जागल्याचे, आणि चेहरा असा फुललेला की काय सांगू. मी तुकडा हातात घेतला, ‘किती सुरेख झालाय हो आजी’ म्हटलं. खरंच सुरेख झाला होता. त्यांच्या हाताची ओढ माझ्यापेक्षा एकसारखी आहे. त्या गेल्यावर गॅस बंद केला, आणि लक्षात आलं की आत काहीतरी टोचतंय.

ती कड माझी होती. मधला भाग जुना, कुठल्या कुठल्या नमुन्यांतून आलेला. अननस तर जगभर विणतात. खाली खांबांचा, म्हणजे उंच उभ्या टाक्यांचा पंखा, त्यावर साखळ्यांच्या, म्हणजे एकात एक ओवलेल्या फासांच्या कमानी, दर ओळीला एक कमान कमी, शेवटी टोकाला एकच उरते. पण दोन अननसांच्या मधली खोलगट जागा भरणारी ती कड मी स्वतः बसवली होती. किती वेळा विणून उसवली असेल. दोरा इतका वापरला गेला की त्याचा पीळ सुटून तंतू दिसायला लागले. आणि आजींनी ती एका रात्रीत, भिंग लावून, मोजून उतरवून घेतली. न सांगता नव्हे, लपवून नव्हे; ‘तुझी वीण’ असंच म्हणाल्या. मग टोचलं ते काय, हे मला उन्हाळाभर सुटेना.

माझी मावशी मिरजेला असायची. तिच्याकडे बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता, झाकणावर बागेचं चित्र असलेला, आणि डब्यात नमुने. बोटभर रुंदीच्या पट्ट्या, लेसचे तुकडे, अर्धवट फुलं, चौकोनाचा एक कोपरा, सगळे जुन्या वहीच्या कागदांना टाचणीने लावलेले. टाचण्या गंजून कागदावर तांबूस डाग पडले होते आणि डबा उघडला की डांबरगोळ्यांचा आणि जुन्या कापसाचा वास यायचा. कागदावर पेन्सिलीने तिची स्वतःची लिपी: ‘६ सा. गोल. ३ सा., ११ खां.’ म्हणजे सहा साखळ्या घालून गोल जोडा, तीन साखळ्यांचा पहिला खांब, मग अकरा खांब. हे सगळ्याच बायका करायच्या. मावशीचं वेगळं असं होतं की प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात ती कोणाकडून आलं ते लिहायची. ‘वाड्यातल्या वकीलीणबाई.’ ‘पंढरपूरची नणंद.’ ‘दवाखान्यातली नर्स, गळ्यापाशी होती.’ आणि एकावर, मला अजून डोळ्यांसमोर दिसतं, ‘कुर्डुवाडीच्या गाडीतली बाई, पदराची कड.’

मिरजेहून पंढरपूरवरून कुर्डुवाडीकडे जाणारी गाडी तेव्हा अरुंद रुळांची होती, अडीच फुटी. ती इतकी सावकाश जायची की समोर बसलेल्या बाईच्या पदराला लावलेली लेस पुरती मोजून व्हायची. मावशी सांगायची की तिने आधी चोरून बघितलं, मग त्या बाईच्या लक्षात आलं, मग त्या बाईने स्वतःच पदराचं टोक पुढे केलं आणि “मोज निवांत” म्हणाली. मावशीच्या पिशवीत सुई-दोरा कायम असे. पंढरपूर येईपर्यंत तिची एक बोटभर पट्टी तयार होती आणि त्या बाईने ती तपासून दिली होती. नाव विचारायचं मात्र राहून गेलं. म्हणून ‘गाडीतली बाई’. पुढे ती लेस आमच्या निम्म्या घराण्यातल्या परकरांना, उशांच्या अभ्र्यांना, देवाच्या वस्त्रांना लागली. माझ्या झबल्यालाही होती.

मी लहान असताना मला वाटे, मावशीला सगळं येतं. मोठी झाल्यावर कळलं की तिला येणारं जवळपास सगळं कोणी ना कोणी दिलेलं होतं, आणि तिला त्याचा पूर्ण हिशेब ठाऊक होता.

रुखवत मांडलं जाई तेव्हा हे सगळं एका टेबलावर यायचं. कार्यालयाच्या कोपऱ्यात पांढरी चादर घातलेली दोन-तीन टेबलं आणि त्यावर ताटाभोवतीच्या मण्यांच्या महिरपी, क्रोशाचे रुमाल, काचेच्या नळ्यांचं तोरण, सुपारीचे नवरा-नवरी, भटजीसकट, साखरेची भातुकली, मोत्यांची तुळस, सप्तपदीची सात पावलं. जेवणाची पंगत बसायच्या आधी बायकांचा घोळका तिथे. हात लावू नका म्हणून एखादी मामी उभी असे, आणि सगळ्या हात लावत. डोळ्यांनी मोजणाऱ्या बायका ओळखू येत. ओठ किंचित हलत असत. “हे सगळं मुलीनं स्वतः केलंय हं,” असं मुलीची आई सांगे. त्यात निम्मं मावश्यांचं, काकवांचं, शेजारणींचं असे, रात्रीची जेवणं आटोपल्यावर चाळीस वॅटच्या दिव्याखाली केलेलं. माझ्या मावशीने केलेल्या महिरपी मी तीन-चार लग्नांत तरी पाहिल्या आहेत. ती मागे उभी राहून ऐकत असे, कोण काय म्हणतंय ते. मी एकदा चिडून म्हटलं, तू का नाही सांगत तू केलंय म्हणून? तर म्हणाली, ज्यांना कळायचं त्यांना हात ओळखू येतो. मला तेव्हा ते फार मोठं वाटलं होतं. आज तसं वाटत नाही. आज वाटतं की सांगायला हवं होतं. तिने नाही, तर तिच्या बहिणींनी, भाच्यांनी, माझ्या आईने तरी. कुठल्या अनोळखी बाईच्या पदराची नोंद ठेवणाऱ्या माणसाची नोंद आपण कुठेच ठेवली नाही.

आणि वेळ. त्याचा तर उल्लेखच नसे.

क्रोशा करणाऱ्यांना हे गणित ठाऊक असतं, पण बघणाऱ्यांसाठी एकदा मांडतेच. खांबांचा सपाट गोल विणायचा तर पहिल्या ओळीत बारा खांब घालतात आणि पुढे दर ओळीला बारा वाढवतात. बारा, चोवीस, छत्तीस असं. त्याहून कमी वाढवले तर गोलाची वाटी होते, जास्त वाढवले तर झालर सुटते. विसाव्या ओळीत एकट्या ओळीचे २४० खांब असतात आणि सगळे मिळून २,५२०. एका खांबाला सुईवर चारदा दोरा घ्यावा लागतो. म्हणजे साधा, बिननक्षीचा, चहाच्या ट्रेखाली घालायचा वीस ओळींचा गोल झाला की बोटांनी दहा हजारांहून जास्त वेळा दोरा ओढलेला असतो. त्यात मोजणं, चुकणं, उसवणं धरलेलं नाही. मग खळ. साबुदाण्याच्या पातळ खळीत बुडवून, पिळून, चटईवर जुन्या चादरीची घडी अंथरून, टाचण्यांनी चारी बाजूंनी ताणून वाळवायचा. पूर्वी काही बायका खळीऐवजी साखरेचं पाणी वापरत, त्याने झालर ताठ उभी राहते, फक्त मुंग्यांवर नजर ठेवावी लागते. एवढं करून तो रुमाल कोणाच्या हातात पडला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “बाई, तुम्हाला वेळ तरी कसा मिळतो!”

हे कौतुकच असतं, मला कळतं. पण त्याच वाक्याची दुसरी बाजू मी अनेकदा ऐकली आहे. कोणी मागितलं म्हणून मी मोत्यांची चिंचपेटी करून दिली, किंमत सांगितली, की समोरची म्हणते, “दोऱ्या-मोत्यांचे एवढे? तू तर टीव्ही बघता बघता करतेस ना?” हो, करते. रविवार पेठेतून आणलेल्या मण्यांचा, तारेचा, फासकीचा हिशेब तिला पटतो. माझ्या संध्याकाळींचा पटत नाही. जे काम घरात, पाय मुडपून, कुकरच्या शिट्ट्या मोजत होतं ते काम धरायचं नाही, अशी आपली सगळ्यांची जुनी समजूत आहे. बायकांचीसुद्धा. माझीसुद्धा होती.

आंध्रात गोदावरीच्या मुखाशी नरसापूर आहे. तिथल्या बायकांना एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस शिकवली आणि त्या गावोगावच्या अंगणांतून ती आजही विणली जाते, परदेशी जाते. २०२४ साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पण त्याच नरसापूरबद्दल एक गोष्ट वाचल्यापासून डोक्यातून जात नाही. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस १९७०च्या दशकाच्या अखेरीला तिथे जाऊन राहिल्या, लेस विणणाऱ्या बायकांशी बोलल्या. त्यांना दिसलं ते असं की दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास विणणाऱ्या या बायका स्वतःला कामगार म्हणतच नव्हत्या. घरी बसणारी बाई, फावल्या वेळात विणते, एवढीच त्यांची ओळख, त्यांच्या स्वतःच्या तोंडीसुद्धा. आणि फावला वेळच आहे म्हटल्यावर मजुरी किती द्यायची ते व्यापारी ठरवणार. व्यापार पुरुषांच्या हातात, निर्यातीचा पैसा त्यांच्या घरात, आणि विणणारीला रोजच्या शेतमजुरीपेक्षाही कमी. टीव्ही बघता बघता करतेस ना, हे वाक्य माझ्या दिवाणखान्यात थोडी नाराजी निर्माण करून विरून जातं. तिथे त्याच वाक्यावर सबंध धंदा उभा होता.

क्रोशाबद्दल आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते: ते यंत्रावर होत नाही. स्वेटर यंत्रावर निघतात, लेससारखं दिसणारं कापड यंत्रावर निघतं, पण खरा क्रोशा, एकाच आकडीच्या सुईने एकेक टाका पुरा करत जाणारा, तो विणणारं यंत्र बाजारात नाही. त्यामुळे मॉलमध्ये जाळीदार क्रोशाचा टॉप अगदी स्वस्तात टांगलेला दिसतो तेव्हा तो कोणीतरी हाताने विणलेला असतो. मी तो हातात घेते, उलटा करते, टोकं बघते. मागे दोरे घाईने गाठ मारून कापलेले असतात. घाई कोणाची, ते त्या किमतीवरून कळतं. तो टॉप मी कधीच घेऊ शकलेले नाही.

मग मला आयर्लंडची आठवण येते. १८४५पासून तिथे बटाट्याचं पीक सडत गेलं, माणसं उपासमारीने मेली, देश सोडून गेली, आणि त्या दिवसांत जोगिणींच्या मठांमधून, पाद्र्यांच्या बायकांकडून क्रोशा शिकून किती घरं तगली. एका घरात गुलाब विणायचे, दुसऱ्यात पानं, तिसऱ्यात द्राक्षं, आणि सगळं एकत्र जोडून गळपट्टी किंवा झगा व्हायचा. असं सांगतात की काही घरांचं फूल त्यांचं स्वतःचं असे आणि दारात कोणी आलं की हातातलं काम झाकून ठेवत. पूर्वी हे वाचून मला त्या बायका कोत्या मनाच्या वाटल्या होत्या. आता नाही वाटत. ज्या फुलावर उद्याची भाकरी अवलंबून आहे ते पदराखाली घेणारच. मावशीला उदार होता आलं, कारण तिच्या घरची चूल त्या डब्यातल्या नमुन्यांवर पेटत नव्हती. हेही धरायला हवं.

उन्हाळाभर मी या दोन टोकांमध्ये फिरत होते. एकीकडे गाडीतली बाई, पदर पुढे करणारी. दुसरीकडे झाकलेलं फूल. आणि हळूहळू कळत गेलं की आमच्या बायकांच्या जगात आम्ही या दोन गोष्टींची अदलाबदल करून बसलो आहोत. वीण दाखवताना हात आखडतो. ‘अमकीनं माझं डिझाइन घेतलं’ म्हणून वर्षानुवर्षं अबोला धरलेल्या मैत्रिणी मी पाहिल्या आहेत. हलव्याच्या मुकुटाचा पुठ्ठा कसा कापला ते सांगायचं नाही म्हणून विषय बदलणाऱ्याही पाहिल्या आहेत. आणि वेळ मात्र आम्ही कोणालाही देऊन टाकतो, ‘राहू दे गं, पैसे कसले’ म्हणत. जी गोष्ट दिल्याने कमी होत नाही ती आम्ही कुलपात ठेवतो, आणि जी परत येत नाही ती ओंजळीने वाटतो. आजींनी माझी कड उतरवून घेतल्याने माझी कड कुठेही गेली नव्हती. ती माझ्या चौरंगावर होतीच, शिवाय आता तळमजल्यावरही होती. मला टोचलं होतं ते त्या कडेमागचे कितीतरी दुपारी-संध्याकाळी एका वाक्यातही आल्या नाहीत याचं. उतरवून घेताना वीण उतरते, उसवलेलं उतरत नाही.

इथे एक फरक मी आग्रहाने करते. जिने नमुना बसवून, त्याची कृती ओळीओळीने लिहून, आलेख काढून, चार जणींकडून विणून तपासून ती विकायला ठेवली आहे, तिची कृती हे लेखन आहे. पुस्तकासारखंच तिचं. ती विकत घ्यावी आणि फोनवरून इकडेतिकडे फिरवू नये. “अगं पाठव ना मला, कशाला दोघींनी पैसे घालवायचे” असं जवळच्या मैत्रिणीने म्हटलं तरी मी नाही म्हणते आणि तिला राग येतो. येऊ दे. समोरच्या पदराकडे बघून स्वतः मोजणं वेगळं आणि दुसरीने लिहिलेला कागद फुकट पळवणं वेगळं. मोजणारी निदान स्वतःचे डोळे आणि स्वतःची रात्र खर्च करते.

वीण वाटली की काय होतं याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण गणितातलं आहे. लॅटव्हियातून अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात आलेल्या डायना टायमिना यांनी १९९७ साली एक असा पृष्ठभाग क्रोशाने विणला, जो गणितज्ञ तोवर कागदाच्या पट्ट्या चिकटवून दाखवत आणि जो हातात घेतला की फाटे. युक्ती तीच, जी आपण झालर करताना वापरतो: ठराविक टाक्यांनंतर एक टाका वाढवत जायचा, प्रत्येक ओळीत, न थांबता. सपाट राहायला जागा पुरत नाही, मग विणकाम स्वतःच दुमडायला, लाटा घ्यायला लागतं. टायमिना यांनी ही रीत सगळ्यांना मोकळेपणाने दाखवली. पुढे २००५मध्ये मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्टहाइम या बहिणींनी, मूळच्या ऑस्ट्रेलियाच्या आणि लॉस एंजेलिसमध्ये राहणाऱ्या, त्याच रीतीने प्रवाळ विणायला घेतले, कारण समुद्रातले कितीतरी जीव असेच झालरी-झालरींचे असतात. देशोदेशीच्या हजारो जणींनी त्यात आपापलं प्रवाळ विणून घातलं. कोणी नियम थोडा मोडला, कोणी दोन टाक्यांनंतर वाढवलं, कोणी मध्येच थांबलं, आणि प्रत्येक वेळी वेगळा जीव तयार झाला. एका बाईने आपली झालर झाकून ठेवली असती तर एक झालर राहिली असती. आणि इथे महत्त्वाचं म्हणजे टायमिना यांचं नाव पुसलं गेलं नाही. ते पहिल्या कागदाच्या कोपऱ्यात लिहिलेलं आहे, मावशी लिहायची तसं.

पाऊस सुरू झाल्यावर मी एकदा मुद्दाम तळमजल्यावर गेले. आजींच्या खोलीत अंधार फार, म्हणून त्या खिडकीच्या गजांना टेकूनच बसतात. मी म्हटलं, आजी, ती कड मला सहज नाही सुचली हो, फार उसवावं लागलं. बोलताना माझा आवाज मलाच बारीक वाटला. त्या लगेच म्हणाल्या, “माहितीये की. दोऱ्याचा पीळ गेलेला दिसला ना मला.” मग त्यांनी उशीच्या अभ्र्यातून एक गुंडाळी काढली. त्यांच्या सासूबाईंच्या हातची लेस, मळून तपकिरी झालेली. तिचे तुकडे तुकडे जोडून लावलेले होते, पण जोड कुठे दिसेना. मी उलटी केली, तरी दिसेना. त्यांनी माझ्या हातातली सुई घेतली आणि सांध्यावर मुके खांब, म्हणजे आखूड टाके, कसे पाठीमागच्या अर्ध्या दोऱ्यातून काढायचे ते दाखवलं. बोटांचे सांधे सुजलेले असल्याने त्यांची सुई पेन्सिलीसारखी धरली जात नाही, मुठीत सुरी धरावी तशी धरतात, पण टाका पडतो तो जिथे पडायला हवा तिथेच. चार वेळा दाखवलं. पाचव्यांदा मी केलं. घरी येऊन माझ्या वहीत कागद लावला, तुकडा टाचला, आणि कोपऱ्यात त्यांचं आणि त्यांच्या सासूबाईंचं, दोघींचं नाव लिहिलं. सासूबाईंचं माहेरचं नावसुद्धा विचारून घेतलं होतं. मावशीचं जे गाडीतल्या बाईपाशी राहून गेलं, ते मला राहू द्यायचं नव्हतं.

त्यांच्या तुकड्यावर त्यांनी काय लिहिलंय हे मी विचारलं नाही.

आता पौष आला आहे आणि मी हलव्याचे दागिने करायला बसले आहे. हे काम थंडीतच करावं. हवा दमट झाली की हलवा पाझरतो आणि दोरा चिकट होतो. काटेरी हलवा मी घरीही करते, थोडा. परातीत तीळ घेऊन, मंद शेगडीवर, चमच्याचमच्याने पाक घालत बोटांच्या टोकांनी हलवत राहायचं. पहिला तासभर काहीच दिसत नाही, नुसते ओलसर तीळ. मग कधीतरी दाण्यावर बारीक पांढरे काटे धरू लागतात. संध्याकाळी बोटांची टोकं हुळहुळतात, चहाचा कप धरवत नाही. बाकीचा विकतचा आणते. काही जणी पुठ्ठ्यावर गोंदाने दाणे चिकटवतात, मुकुटाला तसंच करावं लागतं. पण हार, बाजूबंद, तोडे, कंबरपट्टा मी जुन्या रीतीने करते. दाण्याला भोक पाडता येत नाही, तो फुटतो. म्हणून दोऱ्याचा फास करून त्यात दाणा धरायचा आणि गाठ आवळायची, एकेक दाणा, एकेक गाठ. काट्यांमुळे दोरा घसरत नाही. जास्त ओढलं तर काटे झडतात, कमी ओढलं तर दाणा निसटतो. बोटाला ते अंतर कळायला वेळ लागतो. इतकं करून हे दागिने एक दुपार अंगावर राहणार: नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीवर, नाहीतर बोरन्हाणाला एखाद्या रडवेल्या बाळाच्या गळ्यात, आणि बाळ त्यातले दोन दाणे नक्की चाटणार. ते टिकणार नाहीत याचं मला कधीच वाईट वाटलेलं नाही. बाळाने मुकुट ओढून खाली पाडला की सगळ्या हसतात, मीही हसते.

परवा पलीकडच्या इमारतीतली एक मुलगी आली. बाळाचं पहिलं बोरन्हाण आहे, मुकुट, हार, बासरी, कडी, सगळा जोड हवा. मी किंमत सांगितली. या वेळी हलवा, जर, पुठ्ठा, दोरा असं वेगळं आणि माझे तास असे वेगळे, दोन ओळींत कागदावर लिहून दिले. पहिल्यांदाच लिहिले. ती कागदाकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं आता ‘एवढे?’ येणार. तिने तासांच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “खरंच इतका वेळ लागतो, काकू?” मी तिला अर्धा झालेला हार दाखवला, गाठी मोजायला दिल्या. तिने मोजल्या, मध्येच चुकली, पुन्हा मोजल्या. मग म्हणाली की एवढे पैसे आत्ता तिला जमणार नाहीत, मुकुट तेवढा माझ्याकडून घेईल, त्याचे पूर्ण देईल. बाकीचं स्वतः केलं तर चालेल का? शिकवाल का?

शिकवायचे किती घ्याल, हेही तिने विचारलं. शिकवायचे नाही घेत, म्हटलं. शनिवारी दुपारी ये, बाळ झोपलं की. पाव किलो पांढरा हलवा आण, पांढऱ्या दोऱ्याचं एक रीळ, आणि एक वही.

“वही कशाला?”

“कोणाकडून शिकलीस ते लिहायला. तळमजल्यावरच्या आजींनाही बोलावलंय मी. कंबरपट्ट्याची गाठ त्या माझ्यापेक्षा चांगली मारतात.”